स्वादुपिंडाचा कर्करोग: केमो सोडून एन्झाइमच्या कॅप्सूलवर राहता येईल का?

वारणाकाठ: मामांची स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी व्हिपल शस्त्रक्रिया (स्वादुपिंडाचा काही भाग काढण्याची) झाली, आता केमो चालू आहे. डॉक्टरांनी जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्यात. त्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला की प्रथिनं पचवणारी ही एन्झाइम गाठही पचवतात, डोस वाढवा, केमो बंद करा. केमोनंतरचे मामांचे हाल बघून मामींना ते पटायला लागलंय. त्यांना काय सांगू?

मेथीदाणा: केमो बंद करू देऊ नका. मी बायोकेमिस्ट्री शिकवते आणि याच आजारात माझ्या वडिलांना या कॅप्सूल दिल्या आहेत.

ही कल्पना जुनी आहे. एडिंबरोच्या जॉन बिअर्ड यांनी १९०६च्या सुमारास ट्रिप्सिनने, म्हणजे स्वादुपिंडातल्या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमने, कर्करोग बरा होईल असं मांडलं. पुढे न्यूयॉर्कचे डॉ. निकोलस गोन्झालेझ स्वादुपिंडाची एन्झाइम, ठरावीक आहार आणि कॉफीचा एनिमा देऊ लागले. अमेरिकेत सरकारी पैशातून त्याची केमोशी तुलना झाली, निकाल २०१०मध्ये छापून आला. रुग्ण ५५. केमो घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) १४ महिने, एन्झाइम घेणाऱ्यांचं ४.३ महिने. वर्षभरानंतर केमोवाल्यांचं जगणंही जास्त सुसह्य होतं. मामींना हे नक्की सांगा, कारण त्यांना काळजी मामांच्या हालांचीच आहे. उपचार रुग्णांनी स्वतः निवडले होते, ही त्या अभ्यासाची कमजोरी. तरीही एवढी तफावत दिसल्यावर मी माझ्या माणसाला त्या वाटेने जाऊ देणार नाही.

कच्च्या पपईने मटण मऊ पडतं, तशी गाठ विरघळत नाही. उलट कर्करोगाच्या पेशीच प्रथिनं तोडणारी एन्झाइम वापरून भोवतीची जाळी कापतात आणि पसरतात. ती रोखण्यासाठी मारिमास्टॅट नावाचं औषध आणलं होतं. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तेही जेमसिटाबिन या केमोच्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही, वर सांधे दुखायचे.

शेवग्याची शेंग: मग डॉक्टर कॅप्सूल देतात तरी कशाला?

मेथीदाणा: अन्न पचावं म्हणून, आणि ते काम फार मोलाचं आहे. या शस्त्रक्रियेनंतर स्वादुपिंडाचा रस अपुरा पडतो. तूप-तेल पचत नाही, शौच तेलकट, तरंगणारं, घाण वासाचं होतं, वजन उतरतं. अंगात ताकद नसेल तर केमो झेपणार कशी? कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण लांबलं तर काही मध्येही. चावायची नाही, कारण आतल्या दाण्यांवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून एन्झाइम वाचवतं. दुधाच्या चहाबरोबरही बहुधा लागते, पण गिळायची गार पाण्याने. शौच तेलकटच राहिलं तर डोस वाढवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

वारणाकाठ: मामा जेवण उरकल्यावर, सगळ्या गोळ्यांबरोबर घेतात! आणि शौचाचं तुम्ही लिहिलंत तसंच आहे. आज रात्रीपासून ताटाशीच देतो. अभ्यासाचे आकडे मामींना वाचून दाखवतो, आणि पुढच्या केमोला त्यांनाही डॉक्टरांकडे घेऊन जातो.