पेटीवरून फोटोचं वय?

पेटीत बसवलेल्या जुन्या अमेरिकन फोटोचं वय काढताना असा युक्तिवाद होतो: 'पेटी युनियन केस (साच्यात दाबून काढलेली, प्लॅस्टिकसारखी पेटी) आहे, ती बनवणाऱ्या सॅम्युअल पेकचं पेटंट १८५४चं, म्हणजे फोटो त्यानंतरचाच.' हे पेटीपुरतं ठीक. पण अमेरिकेत प्लेटची मापं ठरलेली होती, त्यामुळे कुठलाही फोटो त्याच मापाच्या कुठल्याही पेटीत बसतो, आणि विक्रेते देखण्या पेटीत जुना फोटो सर्रास घालतात. आधी बाहेरूनच लोहचुंबक लावा. ओढला गेला तर बहुतेक टिनटाइप (लोखंडी पत्र्यावरचा फोटो), म्हणजे १८५६च्या आधीचा नव्हे. आरशासारखा चमकत असेल तर डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा फोटो). त्याला पुसायला जाऊ नका, चित्रच निघून येईल.

आणखी एक खूण म्हणजे करतिकीट, कर भरल्याचं चिकटवलेलं तिकीट. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या खर्चासाठी सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या काळात तिथे फोटोंवर कर होता. मागे ते तिकीट मूळचंच चिकटलेलं असेल, तर विक्री त्या दोन वर्षांतली.