एटिकेट: वागणूक की चिकटवलेली चिठ्ठी?

खडूस_खारूताई
काल ऑफिसात ईमेल एटिकेटचं ट्रेनिंग झालं. बाईंनी सुरुवातीलाच ती गोष्ट सांगितली: फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेत माळ्याने 'हिरवळीवर चालू नये' अशा पाट्या लावल्या, त्यावरून हा शब्द आला म्हणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. गोष्ट गोड आहे, पुरावा नाही. लुई जन्मायच्या कितीतरी आधीपासून शब्द फ्रेंचमध्ये आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ चिकटवणे, म्हणून एतिकेत म्हणजे चिकटवलेली चिठ्ठी, लेबल. फ्रेंचमध्ये आजही बरणीवरच्या लेबलाला हेच म्हणतात.

दरबारी रिवाज हा अर्थ नंतरचा. असे रिवाज युरोपात गाजले ते बर्गंडी या जुन्या संस्थानाच्या दरबाराचे. स्पेनवर राज्य करणाऱ्या सम्राट पाचव्या चार्ल्सने १५४८ मध्ये ते आपल्या मुलासाठी स्पेनमध्ये लागू केले. व्हर्सायला तर राणीसमोर बिनपाठीच्या स्टुलावर कोणी बसायचं हा मानाचा प्रश्न होता. डचेस, म्हणजे बड्या सरदारांच्या बायका बसणार, बाकीच्या उभ्या. इंग्रजीत शब्द १७५० च्या सुमारास आला, लॉर्ड चेस्टरफील्ड या इंग्रज उमरावाच्या पत्रांतून.

माझं मत: एटिकेटचा सौजन्याशी संबंध नाही. कोणाला कुठे उभं करायचं, एवढंच ते आहे.

तिरकी_रेघ
असहमत. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवायचा तर आपलाच 'शिष्ट' घ्या. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे संस्कृत व्याकरणाच्या जुन्या ग्रंथात, शिष्ट म्हणजे घरात फक्त मडकंभर धान्य असलेला, निर्लोभी विद्वान. आज 'फार शिष्ट आहे हो ती' म्हटलं की आखडू! शब्द कुठून कुठे जातात. इंग्रजी 'टिकेट'ही याच फ्रेंच शब्दातून आलं. म्हणून एसटीत तिकीट फाडताना कोणाला व्हर्साय आठवतं का?

वरणभात_वादी
तिकिटाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तिकीट आहे तो आत, नाही तो बाहेर. खारूताई तेच तर म्हणतायत.

पहिल्या नोकरीत क्लायंटबरोबर जेवताना मी वरणभात हाताने कालवला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाजूला घेऊन 'टेबल मॅनर्स'वर दहा मिनिटं घेतली. क्लायंट स्वतः कोल्हापूरचा होता, त्यानेही हातानेच ओरपलं होतं! आणि मजा बघा, मॅनर्स हा शब्द लॅटिनमधल्या 'हात' या शब्दावरून आलाय.

तिरकी_रेघ
हाताचं माहीत नव्हतं, भारी. पण चुकले ते तुमचे साहेब, शब्द नाही. लोकलमध्ये शेजारचा मोठ्या आवाजात रील्स बघतो तेव्हा त्याला काय कमी आहे म्हणाल? मी तरी एटिकेटच म्हणेन. तिथे ना राणी, ना स्टूल.

खडूस_खारूताई
मी त्याला अक्कल म्हणेन. ती शिकवायला ट्रेनिंग लागत नाही. तुम्ही 'एटिकेट नाही' म्हणता तेव्हा निम्म्या वेळा तक्रार आवाजाची नसते, तो माणूस आपल्यातला नाही याची असते. फर्स्टक्लासच्या डब्यात जाऊन ऐका.

तिरकी_रेघ
निम्म्या वेळा मान्य. उरलेल्या निम्म्या वेळा खरंच कान दुखतात.

वरणभात_वादी
ते सगळं ठीक, पण बाईंना माळ्याची गोष्ट खोटी आहे हे सांगितलंत का?

खडूस_खारूताई
आत्ता मेल लिहितेय.

तिरकी_रेघ
रिप्लाय ऑल नको हं.