वेचणीच्या हातांना नेलपॉलिश शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी

सुई-दोरा (दारव्हा तालुका)

परवा आपल्या गटावर दर्यापूरकडच्या एका निवृत्त गुरुजींनी लिहिले की, खेड्यातल्या मुली हल्ली रोजच्या कपड्यांचे, कानातल्यांचे आणि रंगवलेल्या नखांचे फोटो टाकत बसतात, ज्या घरात बियाण्यासाठी उसनवारी चालते त्या घराला हे सोंग परवडत नाही, आणि 'लाडकी बहीण'चे दीड हजार रुपये नखांवर घालवणाऱ्या पिढीकडून शेतीने काही अपेक्षा ठेवू नये. गुरुजींनी नाव घेतलेले नाही; परंतु या गटावर असे फोटो नियमाने टाकणारी मी एकटीच आहे, म्हणून उत्तरही मीच देते.

आधी हिशेब सांगते. नेलपॉलिशची बाटली मला आठवडी बाजारात तीस रुपयांना मिळते आणि चार महिने पुरते. ऑक्सिडाइज्ड झुमक्यांची जोडी साठ रुपयांची. कपडे मी स्वतः शिवते, कारण शिवणकाम हाच माझा व्यवसाय आहे. गेल्या वर्षभरात या हौसेवर माझे बाराशे रुपये गेले आणि फोटो पाहून आलेल्या शिलाईतून ते पहिल्या दोन महिन्यांतच वसूल झाले.

माझ्या सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या फोटोत मी वेचणीच्या वेशात आहे. आपल्याकडे कापूस वेचायला जाणारी बाई साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला रुमाल गुंडाळते आणि कमरेला झोळी बांधते. हा वेश आपल्याला कोणत्याही शहराने शिकवलेला नाही. मी बाबांच्या शर्टाच्या बाह्या मनगटापुढे चार बोटे वाढवल्या आणि अंगठ्यासाठी भोक ठेवले, कारण वाळलेल्या बोंडांची टोके हाताच्या पाठीवरच सर्वांत जास्त ओरबाडतात. गळ्याला उरलेल्या लाल खणाची पट्टी लावली. त्या बाह्यांतून बाहेर दिसणारी माझी नखे गडद जांभळी आहेत. तसा शर्ट आतापर्यंत अकरा जणींनी माझ्याकडून शिवून घेतला आणि त्यांतल्या तिघींनी नखांचा रंग कोणता, हेही विचारले. त्या तिघीही रोज दुसऱ्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, राबतात. त्यांच्या हौसेला सोंग म्हणण्याचा अधिकार गुरुजींना कोणी दिला, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

गुरुजी, दर्यापूर

तो मजकूर माझाच आहे आणि मी तो मागे घेत नाही. आपण शिलाईच्या जोरावर हौस भागवता, हे चांगले आहे. परंतु आपले फोटो पाहणाऱ्या शंभर मुलींपैकी किती जणींच्या हाती शिलाई आहे, याचा विचार आपण करावा. माझ्या शेजारच्या घरी गेल्या उन्हाळ्यात लग्न झाले. मुलीने मेकअप आणि चिकटवायच्या नखांचा हट्ट धरला, आणि त्या एका दिवसासाठी बापाने खासगी सावकाराकडून पंधरा हजार रुपये उचलले. पुढे पेरणीच्या तोंडावर त्याने गोऱ्हा विकला. तो माझा विद्यार्थी होता. गोऱ्हा बाजारात नेताना तो माझ्या ओट्यावर बसून रडला. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून माझी भाषा कडक आहे.

आपल्या विदर्भाला साधेपणाची परंपरा आहे. 7 नोव्हेंबर 1933 रोजी महात्मा गांधींनी अस्पृश्यता निवारणासाठीचा हरिजन दौरा वर्ध्याहूनच सुरू केला, आणि त्या दौऱ्यात बायांनी अंगावरचे दागिने उतरवून निधीत टाकले. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या पत्नी जानकीदेवी बजाज यांनी तर त्याच्या कितीतरी आधी सोने कायमचे सोडले होते. माझ्या आईच्या गळ्यात जन्मभर एक काळी पोत होती आणि तिच्यावाचून तिचे काही अडले नाही.

निळी किनार (अकोला जिल्हा)

गुरुजी, आपल्या वयाचा मान राखून सांगते की जानकीदेवींनी सोने सोडले, कारण त्यांच्याकडे सोडण्यासाठी सोने होते. माझ्या पणजीकडे सोडण्यासारखे काहीच नव्हते, आणि जे होते ते दुरूनच जात सांगणारे होते. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आमच्या बायांना काय सांगितले, ते आमच्या घरात अजून सांगितले जाते. लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा बदला, अस्पृश्यतेची खूण झालेले हातागळ्यातले जाड दागिने टाका, आणि घालायचाच असेल तर चांगला दागिना घाला, नाहीतर घालूच नका, असा त्या सांगण्याचा आशय होता. बाया दुसऱ्या दिवशी लुगडी वेगळ्या पद्धतीने नेसून आल्या. पुढे 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेला हजारो बाया आल्या, तेव्हा त्यांची स्वच्छता आणि नीटनेटका वेश हाही अभिमानाचा विषय होता. कपडा ही आमच्यासाठी कधीच क्षुल्लक गोष्ट नव्हती. माझी आई पांढरे पातळ इस्त्री करून नेसल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि तिला कोणी साधेपणाचा उपदेश केला तर मला राग येतो.

कोरडवाहू

मला दोन्ही बाजूंपेक्षा वेगळे म्हणायचे आहे. या सर्व फोटोंमधला कपडा बघा. पॉलिएस्टर, जॉर्जेट, पुन्हा पॉलिएस्टर. बाप कापूस पिकवतो आणि मुलगी अंगावर प्लॅस्टिकचा धागा घालते, तोसुद्धा पंचेचाळीस अंशांच्या उन्हात. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल जाहीर झाला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले, ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. बाहेरचा कापूस स्वस्तात आला, आणि आमच्या दारातून व्यापाऱ्याने माझा माल हमीभावाच्या बऱ्याच खाली नेला. नखांवर तीस रुपये गेले तर जाऊ द्या. परंतु आपल्याच पिकाला आपल्याच घरात गिऱ्हाईक नाही, यावर कोणी लिहीत का नाही?

कोसा (भंडारा)

कोरडवाहू दादांना मनापासून अनुमोदन, आणि सोबत आमचेही दुखणे मांडते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या कोशाचा धागा आपल्याकडचा, त्यावर तीन धोट्यांनी, म्हणजे आडवा धागा फिरवणाऱ्या साधनांनी, विणलेली करवत काठी साडी आपल्याकडची, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तरी आपल्या गावातल्या लग्नात पाच जणींच्या अंगावरही ती दिसत नाही. काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकवावे लागतात, तेव्हा ते करवतीचे दाते उमटतात. माझे सासरे सांगतात की हातमाग सोडून गेलेला माणूस परत आलेला त्यांनी पाहिला नाही.

सुई-दोरा

कोरडवाहू दादा, आपले म्हणणे मला लागले, कारण ते खरे आहे. माझ्या निम्म्याहून जास्त फोटोंत पॉलिएस्टर आहे. सुती कापडाचा मीटरचा भाव आमच्या बाजारात त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. त्यात सुती कापड चुरगळते, विटते, आणि शेतातून आल्यावर घासून धुवावे लागते. शेतात राबणाऱ्या बाईला रात्रीतून वाळणारा कपडा हवा असतो. तरीही उन्हाळ्यातले फोटो यापुढे सुती कपड्यांचेच असतील. कोसाताई, आपली साडी मला एकदा तरी नेसायची आहे, परंतु तिची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी आहे, हेही आपण समजून घ्या.

आरोग्यसेविका (वणी)

नखांबद्दल एवढे बोलणे झाले, म्हणून माझ्या कामातले सांगते. हाताचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण बदलायला साधारण सहा महिने लागतात. जेल पॉलिश खरवडून किंवा ओढून काढले की त्यासोबत नखाचा वरचा पापुद्रा निघतो, आणि पुढचे सहा महिने बाई दुबळ्या नखांनी भांडी घासते. ते अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून, मऊ करूनच काढावे. स्वस्त झुमक्यांनी कानाच्या पाळीला पाणी सुटत असेल, तर ते बहुधा निकेलमुळे होते. जर्मन सिल्व्हर या नावाच्या धातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी अजिबात नसते. आणि काळीकुळकुळीत मेहंदी लावू नका. खरी मेहंदी लालसर तपकिरीच रंगते, काळ्या रंगासाठी तिच्यात केसांच्या कलपातले रसायन मिसळतात आणि त्याने फोड येतात.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायांना रक्तक्षय आहे. मी तपासणीला आलेल्या बाईच्या डोळ्यांची खालची पापणी, जीभ आणि नखे पाहते. गडद रंग लावलेला असेल तर नखाचा फिकेपणा दिसत नाही, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्राचा आकडाही चुकू शकतो. सुई-दोराताई, जांभळा रंग अवश्य लावा, परंतु एक बोट मोकळे ठेवा. आणि फवारणीच्या दिवसांत नखे अगदी कमी ठेवा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा मी वॉर्डात होते. लांब नखांखाली औषधाचा अंश राहतो आणि त्याच हाताने बाई भाकरी थापते.

जोडवी

मी या चर्चेत लिहिणार नव्हते, परंतु गुरुजींच्या आईच्या काळ्या पोतीचा उल्लेख वाचला आणि राहवले नाही. ती पोत त्यांच्या आईच्या गळ्यात जन्मभर राहिली, कारण तिचे यजमान हयात होते. माझे यजमान 2019 मध्ये हृदयविकाराने गेले. मी चौतीस वर्षांची होते. दहाव्या दिवशी नदीवर म्हाताऱ्या बायांनी माझ्या बांगड्या दगडावर फोडल्या. एक काच मनगटात घुसली, तिचा वण अजून आहे. जोडवी ओढताना बोट सुजलेले होते म्हणून साबण लावला. मी शाळेत खिचडी शिजवते. पंधरा दिवसांनी कामावर गेले, तेव्हा दुसरीतली एक मुलगी मला विचारू लागली की काकू, तुमच्या बांगड्या कुठे हरवल्या.

सुई-दोराताईंच्या फोटोंमुळे मी मागच्या वर्षी पहिल्यांदा फिकट गुलाबी नेलपॉलिश आणले आणि घराचे दार लावून लावले. भाच्याच्या लग्नात हिरव्या बांगड्याही भरल्या. हळदीच्या वेळी माझ्या जावेने मला मागच्या खोलीत बसायला सांगितले. सोंग कोणी केले, मी की त्या मांडवाने, हे गुरुजींनी सांगावे.

गुरुजी, दर्यापूर

ताई, आपल्या दुःखाबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. परंतु विषय खर्चाचा होता, रूढींचा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत समाज हळूहळू सोडतो. ती फोटोंनी आणि ठरावांनी एका दिवसात मोडत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना दुखवून भरलेल्या बांगड्यांचे समाधान किती टिकेल, याचाही विचार व्हावा.

कोरडवाहू

गुरुजी, आता मात्र आपण हद्द केली. ज्या बाईच्या मनगटावर काचेचा वण आहे, तिला आपण वडीलधाऱ्यांच्या मनाची काळजी घ्यायला सांगता? माझी सख्खी बहीण बावीस वर्षे माझ्या घरात आहे आणि एकाही मंगलकार्यात पुढे आलेली नाही. तिला मीच कधी पुढे बोलावले नाही, हा माझा दोष आहे आणि मी तो इथे सर्वांसमोर कबूल करतो. कापसाचे रडगाणे मी पुन्हा कधीतरी गाईन. आज या विषयावर मी गप्प बसणार नाही.

निळी किनार

ठरावांनी काही होत नाही, हेही खरे नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. आमच्या ग्रामसभेत मी तो विषय दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा तो कोरमअभावी राहिला. ज्या पुरुषांनी त्या दिवशी चहाच्या टपरीवर बसणे पसंत केले, तेच आज मुलींच्या नखांवर मत देत आहेत.

आरोग्यसेविका (वणी)

भाषा जरा सांभाळावी, ही सर्वांना विनंती आहे. परंतु जोडवीताईंच्या बाजूने मीही एक सांगते. नवरा गेल्यावर माझ्या भागातल्या तीन बाया तपासणीला येईनाशा झाल्या. कारण विचारले, तर रिकाम्या हातांनी चारचौघांत बसायला लाज वाटते, असे त्यांनी सांगितले. त्यांतल्या एकीचे रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, साडेसहावर आलेले होते.

गुरुजी, दर्यापूर

रात्री हे सर्व मी पुन्हा वाचले. माझी मोठी वहिनी चाळीस वर्षे पांढऱ्या कपाळाने आमच्या घरात वावरली आणि मी तिला एकदाही काही विचारले नाही. ती आता नाही. जोडवीताई, आपण बांगड्या भरण्याला माझा विरोध नाही आणि वडीलधाऱ्यांबद्दलचे ते वाक्य मी मागे घेतो. याहून अधिक मला लिहिता येणार नाही. मात्र लग्नाच्या नखांसाठी गोऱ्हा विकला जाऊ नये, हे माझे मत कायम आहे, आणि 'सोंग' हा शब्द मी त्यासाठीच वापरला होता.

जोडवी

गुरुजी, आपण वाक्य मागे घेतले, ते मला पोहोचले. परंतु आपण माझ्या बांगड्यांना मोकळीक देता आणि सुई-दोराताईंच्या जांभळ्या नखांना देत नाही, यात माझे दुःख तिच्या हौसेपेक्षा मोठे ठरते, आणि ते मला नको आहे. मी नेलपॉलिश दुःखासाठी लावले नाही. तो रंग मला आवडला म्हणून लावले.

सुई-दोरा

जोडवीकाकू, दुपारपासून मशीनवर बसले आहे, पण टाका सरळ पडत नाही. गुरुजी, कर्ज काढून केलेल्या नखांच्या विरोधात मी आपल्यासोबत आहे आणि तसे मी माझ्या पुढच्या फोटोखाली लिहीन. तो फोटो वेचणीच्याच शर्टातला असेल, नखे जांभळीच असतील, आणि आरोग्यसेविका ताईंनी सांगितल्याप्रमाणे एक बोट मोकळे असेल.