‘कलाबद्ध’ आहे, तरी कला जुळलेली नाही: मराठीत कसं म्हणायचं?

अनुवादक, कोथरूड
खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनात लावायच्या एका फलकाचं मराठी करतेय. विषय रेडिओतले पीएलएल, म्हणजे फेज-लॉक्ड लूप: आपल्या लहरीची कला (फेज, म्हणजे आवर्तनातली जागा) बाहेरून दिलेल्या संदर्भ-लहरीशी सतत ताडून तिला बांधून ठेवणारी मंडलं. एका वाक्यावर अडलेय. मी लिहिलं: ‘सर्व पीएलएल कलाबद्ध आहेत, मात्र त्यांच्या कला एकमेकींशी जुळलेल्या नाहीत.’ तपासणाऱ्या सरांनी शेजारी लिहिलं, ‘कलाबद्ध म्हणजेच कला जुळलेली. वाक्य स्वतःलाच खोडतं.’ मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फेज-लॉक आणि फेज-सिंक. पाठ्यपुस्तकातला ‘कला’ शब्द शक्यतो सोडायचा नाही. आठवी-नववीच्या मुलांना कळतील असे दोन शब्द सुचवा.

बिनतारी
ताई, वाक्य बरोबर आहे, बदलू नका. लॉक प्रत्येक लूपचा आपल्यापुरता असतो, आपल्या संदर्भाशी. शेजारच्या लूपशी त्याचा काही करार नसतो.

समजा दोन बोर्ड आहेत आणि दोघांना एकाच ठिकाणाहून १० मेगाहर्ट्झचा संदर्भ जातोय. आत तो आधी चाराने भागला जातो, म्हणजे तुलना २.५ मेगाहर्ट्झवर. वीज आली की चाराने भागणारा गणक चारपैकी कुठल्याही ठोक्यापासून मोजायला लागतो. आता ४०१ पट करून १००२.५ मेगाहर्ट्झ काढा. दोन्ही बोर्डांचे लॉकचे दिवे लागलेले, वारंवारता तंतोतंत एक, आणि तरी दोघांत ०, ९०, १८० किंवा २७० अंशांचा फरक. बंद करून चालू केलं की फरक बदललेला.

याच बोर्डांवर ४०० पट करून १००० मेगाहर्ट्झ घेतलं, तर फरक दिसतच नाही! संदर्भाचा एक ठोका १०० नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात १००० मेगाहर्ट्झची बरोबर १०० आवर्तनं होतात, १००२.५ची १०० आणि वर पाव. त्यामुळे ‘आमच्याकडे तर जुळतं’ असं कोणी म्हणालं की आधी वारंवारता विचारावी.

उपाय एकच: सगळ्या गणकांना एकाच ठोक्याला शून्यावर आणायचं. आम्ही ‘सिंक मारणे’ म्हणायचो. लॉक लागतो, सिंक मारतात. हेच लिहा.

तबला-सदाशिव
बिनतारींनी सांगितलं त्याला संगीतात फार नेमके शब्द आहेत. दोन तबलजी एकाच लयीत त्रिताल वाजवतायत, लय केसभरही हलत नाही, पण एकाची सम दुसऱ्याच्या पाचव्या मात्रेवर पडते. लय बांधलेली आहे, सम जुळलेली नाही. लॉकला ‘लयबद्ध’ आणि सिंकला ‘समेवर आणणे’ म्हणा. मुलांना एका वाक्यात कळेल.

टेलिकॉम, पिंपरी
‘सम’ आवडलं, ‘लयबद्ध’ला विरोध. लय म्हणजे वारंवारता. पीएलएल फक्त वारंवारता धरत नाही, संदर्भाची फेजही धरतो. त्याच्या नावातच ते आहे. ‘लयबद्ध’ म्हटलं तर फ्रिक्वेन्सी-लॉक आणि फेज-लॉक यांतला भेद गेला. शिवाय लॉक लागूनही उलटं बसण्याचा दुसरा प्रकार आहेच. १९५६ मध्ये कोस्टास या अभियंत्याने मांडलेला लूप, शून्य आणि एक दोन उलट फेजमध्ये पाठवणाऱ्या संकेतावर, ० अंशालाही स्थिरावतो आणि १८० अंशांनाही. दुसऱ्या वेळी सगळे शून्य-एक उलटे येतात. म्हणून माहिती एका चिन्हापासून पुढच्या चिन्हापर्यंतच्या बदलात भरतात. तिथे कुठली सम?

पंचांगवाला
मूळ दोष ‘कला’ या शब्दातच आहे. आपल्या ज्योतिर्गणितात अंश, कला, विकला हे कोनाचे माप आहे. ६० कलांचा एक अंश. ‘कलेतला फरक ९० अंश’ हे वाक्य ‘मिनिटांतला फरक ९० तास’ असं वाचलं जातं. मी फलकावर ‘प्रावस्था’ लिहीन.

कळा की कला
‘प्रावस्था’ नको! तो शब्द घन-द्रव-वायूकडे गेलाय, मुलांना बर्फ आठवेल. ‘कला’चं मूळ मला ‘कल्’ म्हणजे मोजणे या धातूत दिसतं. संकलन, कलन त्याचेच. चंद्राची कला म्हणजे मोजलेला सोळावा भाग. आणि इथला सगळा घोटाळा मोजणाऱ्या गणकाचाच आहे ना? याहून योग्य शब्द मिळायचा नाही.

पंचांगवाला
ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही. आणि मान्य असली तरी धातू पाहून शब्द निवडायचा नसतो, वाचणाऱ्याला काय ऐकू येतं ते पाहायचं. आठवीच्या मुलाला ‘कला’ म्हटल्यावर चित्रकलेचा तास ऐकू येतो.

बिनतारी
घडवलेले शब्द चालतच नाहीत असंही नाही. ‘बिनतारी संदेश’ राज्याच्या पोलीस खात्यात रोजचा शब्द आहे. चालला, कारण ऐकताक्षणी कळतो: तार नाही. ‘कलाबद्ध’ला ते जमत नाही. माझ्या मते ‘लॉक’ मराठीच झालाय.

अनुवादक, कोथरूड
सगळ्यांचे आभार. एक उदाहरण सापडलं. १६६५ मध्ये हायगेन्स या डच शास्त्रज्ञाला एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकांची घड्याळं आपोआप एका गतीने चालताना दिसली, पण लंबक एकमेकांच्या विरुद्ध दिशांना जाणारे. म्हणजे बांधलेली आहेत आणि फरक अर्ध्या आवर्तनाचा. याला ‘कलाबद्ध’ म्हणायला सरांचीही हरकत नसावी. ‘कलाबद्ध’ आणि ‘समकल’ अशी जोडी केली तर?

नारायणगाव वायरमन
आमच्या गावावरून खोडदला जातात म्हणून लिहितो. प्रदर्शनाला येणारी पोरं शेतकऱ्यांची. ‘फेज’ त्यांना जन्मापासून माहीत आहे. मोटरीच्या तीन फेज एकमेकींपासून १२० अंशांवर, एकाच ग्रिडला बांधलेल्या, कधी सरकत नाहीत आणि कधी जुळतही नाहीत. फलकावर ‘फेज’ लिहा. ‘समकल’ लिहिलंत तर पोरगं बापाला विचारील आणि बापालाही सांगता येणार नाही.

कळा की कला
पण वायरमनची ‘फेज’ म्हणजे जिवंत तार. टेस्टर लावून सापडते ती. कोनाचा अर्थ त्यात कुठे आहे?

नारायणगाव वायरमन
आहे की. दोन फेज अदलाबदल केल्या तर मोटर उलटी फिरते. हे तारेमुळे होत नाही, कुठली आधी आणि कुठली मागून यामुळे होतं. पंप बसवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं.

टेलिकॉम, पिंपरी
हे पटलं. पण लिंग कुठलं ठेवणार? वायरमनदादा ‘फेज अदलाबदल केल्या’ म्हणतायत. आमच्या लॅबमध्ये सर्रास ‘फेज सरकला’ म्हणतात.

तबला-सदाशिव
स्त्रीलिंगीच. ‘एक फेज गेली’ असंच म्हणतात. वीज स्त्रीलिंगी, म्हणून फेज स्त्रीलिंगी.

पंचांगवाला
तो नियम टिकत नाही. वीज स्त्रीलिंगी असूनही पुण्यात ‘लाइट गेले’ म्हणतात, अनेकवचनी.

नारायणगाव वायरमन
आमच्याकडे ‘लाइट गेली’. फेजही गेलीच.