स्वर्गाची आशा आणि इथलं जगणं
दादा, तुम्ही लिहिलंत की स्वर्गाची आशा धरली की इथल्या सुखदुःखाची पर्वा कशाला. मला हे पटत नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा, म्हणजे ख्रिस्त, कशाची आठवण काढतो? भुकेल्याला वाढलेल्या घासाची, आजाऱ्याच्या घेतलेल्या समाचाराची.

मी मिरजेची. मूळचे कॅनडाचे मिशनरी डॉक्टर वानलेस इकडे आले आणि 1894 साली त्यांनी इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं. स्वर्गावर त्यांचा विश्वास होताच, पण आयुष्य गेलं ते रुग्णांपायी.

माझी आजी रविवारची उपासना आटोपली की भाकरी-आमटीचा डबा घेऊन वॉर्डात जायची. कर्नाटकातून आलेल्या, सोबत कुणी नसलेल्या बायकांसाठी. तिला कानडी धड येत नव्हतं. तरी शेजारी बसून त्यांचा हात धरायची. घरी चणचण कायमची, पण परतताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी नंतर फार थोड्या लोकांत पाहिलं.

आणि ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, ‘आनंद करा’ असं लिहिलं, तेही कैदेतून. त्यामुळे आनंद म्हणजे आरामच, असं मला वाटत नाही. आजी शेवटच्या आजारपणातही विचारत होती, आज डबा कोण नेणार?