बोरिंगच्या पाण्याचे डाग: थेट लिंबू चोळू नका

गाडीवरच्या बोरिंगच्या (बोअरवेलच्या) पाण्याच्या डागांवर अर्धं लिंबू चोळायला कुणीतरी सांगितलंय. कृपया तसं करू नका, काळ्या गाडीवर तर नकोच. आपल्या इंदूरात नळाला येणारं नर्मदेचं पाणी गाडीसाठी कोण खर्च करणार? बोरिंगचंच वापरतो आपण. ते बॉनेटवर उन्हात वाळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. शाम्पूने ते जात नाहीत, आम्लानेच विरघळतात. पण आम्ल सौम्य हवं आणि रंगावर वाळता कामा नये.

गाडी आधी धुऊन सावलीत घ्या, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या. त्यात भिजवलेलं मायक्रोफायबरचं फडकं डागावर मिनिटभर नुसतं ठेवा, अलगद पुसा, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि तिथल्या तिथे कोरडं करा, नाहीतर नवे डाग तयार!

एवढं करूनही नखाला कडेशी खळगा जाणवला, तर क्षारांनी क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) खाल्लाय. तिथे पॉलिशच लागेल, तेही अनुभवी माणसाकडून. आणि नंतर वॅक्स चुकवू नका, व्हिनेगरने वॅक्सचा जुना थर उतरू शकतो.