शाळांमधील नर्सिंग संशोधन मुलांच्या सवयी मोजते की पाठांतर?

कृष्णाकाठ, सांगली (धागा लेखक):
सांगली-मिरज परिसरातील शाळांत नर्सिंग महाविद्यालयांचे विद्यार्थी संशोधनासाठी येतात, आणि त्यांचे विषय बहुधा ठरलेले असतात: हात धुणे, दातांची निगा, किशोरींमधील रक्तक्षय, मोबाइलचा अतिवापर. पद्धतही ठरलेली असते. आधी प्रश्नावली भरून घ्यायची, तक्ते दाखवून तासाभराचे नियोजित शिक्षण द्यायचे आणि सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. गुण वाढतात, टी-चाचणीत (दोन सरासरींमधील फरक योगायोगाचा आहे का, हे तपासणाऱ्या संख्याशास्त्रीय कसोटीत) फरक लक्षणीय ठरतो आणि कार्यक्रम परिणामकारक असल्याचा निष्कर्ष प्रबंधात जातो. माझा आक्षेप असा आहे की आठवडाभरापूर्वी सांगितलेले मुलांच्या लक्षात राहिले, एवढेच यातून सिद्ध होते. ‘जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत’ या पर्यायावर खूण करणारे मूल खिचडीच्या रांगेत लागण्याआधी नळाकडे फिरकते का, नळापाशी साबण असतो की तो कार्यालयातील कपाटात बंद असतो, याची नोंद कोठेच होत नाही. अमेरिकी परिचर्या-अभ्यासक नोला पेंडर यांनी १९८२ मध्ये मांडलेले आरोग्यसंवर्धनाचे प्रारूप अशा प्रबंधांत आकृतीसह दिलेले आढळते. त्यात कृतीच्या आड येणाऱ्या अडचणी, आपल्याला हे जमेल हा विश्वास आणि घरच्यांचा व सोबत्यांचा प्रभाव यांना मोठे स्थान आहे. प्रत्यक्ष अभ्यासात मात्र ज्ञानाचे गुण तेवढे मोजले जातात. तुलनेसाठी हे शिक्षण न दिलेली दुसरी शाळा घ्यावी आणि अंतिम मोजणी तीन महिन्यांनी, तीही वर्तनाची व्हावी, असे मला वाटते.

अध्यापिका, मिरज:
आपला आक्षेप मला मान्य नाही. एम.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, आणि त्यातच नैतिकता समितीची मान्यता, शाळेची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि मुलांच्या परीक्षा यांचा मेळ घालावा लागतो. शिवाय निरीक्षण वाटते तितके निर्दोष नसते: गणवेशातील परिचारिका वही घेऊन नळापाशी उभी राहिली की सगळी शाळा हात धुते. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यानुसार, उच्च उत्पन्नाच्या देशांतील शाळा व पाळणाघरांत हात धुण्याच्या प्रसारामुळे अतिसाराचे प्रसंग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. शिकवून काही साधत नाही, असा सूर त्यामुळे टिकत नाही.

कृष्णाकाठ:
तसे मी म्हटलेले नाही. ही सवय दीर्घकाळ कशी टिकवावी याविषयी फारशी माहिती नसल्याचे त्याच आढाव्यात नोंदवले आहे, आणि माझा प्रश्न नेमका तेथेच आहे. राहिला निरीक्षणाचा मुद्दा. परिचारिकेला नळापाशी उभे करण्याची गरज नाही; साबणाची वडी सोमवारी आणि शनिवारी तराजूवर ठेवली तरी पुरते.

शिक्षक, जत:
वजनाची कल्पना कागदावर चांगली आहे, पण आमच्या शाळेतील साबण कावळेही पळवतात, आणि उन्हाळ्यात टँकरची खेप चुकली की प्यायच्या पाण्याने हात धुऊ नका असे मुलांना आम्हालाच सांगावे लागते. रस्त्यालगतच्या सोयीच्या शाळांत एकामागून एक गट येतात, त्यामुळे तेथील मुलांना पूर्वचाचणीचीच उत्तरे पाठ झालेली असतात. आमच्याकडे कोणी फिरकत नाही. तरीही मी या संशोधनाच्या बाजूने आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते आणि तपासून जाते. दर आठवड्याची लोहाची निळी गोळी एखादी मुलगी उपाशीपोटी घेते, तिला मळमळते, आणि पुढच्या आठवड्यात ती गोळी मुठीतून खिडकीबाहेर जाते. गोळी जेवणानंतर घे, शौच काळी झाली तर घाबरू नकोस, हे शेजारी बसून सांगणारे कोणीतरी हवे असते. ते प्रबंधाच्या निमित्ताने आले तरी माझी हरकत नाही.

गृहिणी, पलूस:
हे संशोधन भलत्याच माणसाला प्रश्न विचारते, असे मला वाटते. तंबाखूच्या दुष्परिणामांवर सहावीच्या मुलाने पैकीच्या पैकी गुण मिळवले, तरी संध्याकाळी आजीच्या मिश्रीसाठी तंबाखूची पुडी आणायला त्यालाच पिटाळले जाते, आणि तव्यावर ती भाजू लागली की घरभर सगळ्यांना ठसका लागतो. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तो विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. जास्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असे २०२० चे नियम सांगतात. दुकानदाराला आणि आजीला प्रश्नावली कोण देणार?

अध्यापिका, मिरज:
सामुदायिक आरोग्य परिचर्येत घरभेट शिकवलीच जाते, त्यामुळे आजीपर्यंत पोहोचणे आमच्या कामाबाहेरचे नाही. दुकानावर कारवाई करण्याचा अधिकार मात्र परिचारिकेला नाही. तीन महिन्यांनंतरच्या मोजणीला माझा अजूनही विरोध आहे, कारण तोवर दुसरे पथक येऊन गेलेले असते, दूरदर्शनवरची जाहिरात बदललेली असते, आणि श्रेय कोणाचे हे ठरवता येत नाही.

कृष्णाकाठ:
तुलनेची शाळा त्यासाठीच हवी आहे. जतपासूनच सुरुवात करावी.

शिक्षक, जत:
अवश्य या, पण तुलनेची शाळाही टँकरवरचीच निवडा. मिरजेतील शाळेशी आमची तुलना केली, तर फरक शिकवण्यामुळे पडला की पाण्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही.